सीव्हीटी गाडी घ्यायची का? पट्ट्याला घाबरू नका, ऑइलचं विचारा

प्रश्न असा आलाय: पुण्यात सिंहगड रोडला राहतो, ऑफिस हिंजवडीला, घरात सत्तरीकडे आलेले आईवडील, बायको नुकतीच ड्रायव्हिंग शिकलीये आणि तिला क्लचचा वैताग नकोय, वर्षातून तीन-चारदा चिपळूणला गावी जाणं होतं. २०१८ ची होंडा सिटी पेट्रोल सीव्हीटी (म्हणजे ठराविक गियर नसलेला, पट्टा-पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), साठ हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली, बऱ्या भावात मिळतेय. मेहुणे म्हणतात सीव्हीटीच्या नादाला लागू नका, आत बेल्ट असतो तो घाटात तुटतो, पिकअप नसतो नुसती बोंबलते, आणि बॉक्स गेला की बिल बघून चक्कर येते. विकणारा म्हणतो ऑइल लाइफटाइम आहे, बघायचं पण नाही. कोणाचं ऐकू?

दोघांचंही नका ऐकू. मेहुण्यांचं निम्मं बरोबर आहे, विकणाऱ्याचं पूर्ण चूक. तुमचा वापर बघता सीव्हीटी तुम्हाला एकदम योग्य आहे, पण ही गाडी घ्यायची का नाही ते त्या गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं, कोणतं टाकलं याच्यावर ठरवायचं, बाकी कंपनी, मॉडेल, किलोमीटर हे सगळं त्याच्यानंतर. मी ऑटोमॅटिक बॉक्सचंच काम करतो, सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर, ड्युअल क्लच सगळे उतरवून झालेत, आणि आमच्याकडे मेलेला म्हणून जो सीव्हीटी येतो त्यात पट्टा आपणहून तुटलाय अशी केस फार क्वचित असते. बहुतेक वेळा ऑइल जळलेलं असतं किंवा भलतंच टाकलेलं असतं, आणि मग त्याच्यामागून बाकीचं सगळं.

आधी हे बेल्टचं प्रकरण मिटवू, कारण सगळी भीती तिथूनच येते. तुमच्या घरात ॲक्टिव्हा किंवा कुठलीही बिनगियरची स्कूटर असेल तर सीव्हीटी तुम्ही रोज चालवताय. ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली तेव्हापासून आपल्याकडे हे आहे. स्कूटरमध्ये रबराचा पट्टा असतो, कोरडा, तो पुढच्या पुलीवरून मागच्या पुलीला ओढतो, झिजतो, ठराविक किलोमीटरला बदलायचा असतो आणि नाही बदलला तर रस्त्यात तुटतो. मेहुण्यांनी हाच पट्टा डोळ्यासमोर धरलाय. गाडीतला पट्टा म्हणजे वेगळीच चीज आहे. तो स्टीलचा असतो, जवळजवळ चारशे पातळ पातळ स्टीलच्या चकत्या आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या कागदासारख्या पातळ स्टीलच्या कड्यांचे दोन जुडगे, आणि गंमत म्हणजे तो ओढत नाही, ढकलतो. बांगड्यांच्या दुकानात दांडीवर ओवलेल्या बांगड्या एका टोकाने रेटल्या की पूर्ण रांग पुढे सरकते ना, तसं. एका पुलीपासून दुसऱ्या पुलीकडे चकत्या एकमेकींना रेटत जातात आणि ताकद पोचते. वर हे सगळं ऑइलमध्ये भिजलेलं. पुलीच्या दोन बाजू हायड्रॉलिक प्रेशरने जवळ-लांब होतात, जवळ आल्या की पट्टा वर चढतो, लांब गेल्या की खाली बसतो, झाला गियर चेंज, मध्ये कुठेही पायरी नाही, खटका नाही.

ही कल्पना डच माणसाची, हब व्हॅन डोर्न नावाचा. त्याच्या डाफ कंपनीने १९५८ साली डाफ ६०० नावाची छोटी गाडी दाखवली, तिच्यात रबरी पट्टे होते. त्या गाडीला वेगळा रिव्हर्स गियर नव्हता, बॉक्सची दिशाच उलटी व्हायची, त्यामुळे ती मागे पण पुढच्याइतकीच जोरात पळायची आणि हॉलंडमध्ये लोक तिच्या उलट्या रेसा लावायचे. स्टीलचा ढकलपट्टा नंतर आला, १९८७ मध्ये सुबारूने जस्टी गाडीत तो बाजारात आणला. हॉलंडमधल्या टिलबर्गचा हे पट्टे बनवणारा कारखाना १९९५ मध्ये बॉश कंपनीने घेतला. आणि 'सीव्हीटी म्हणजे बायकांची गाडी' म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, १९९३ मध्ये विल्यम्स टीमने फॉर्म्युला वनच्या रेसिंग गाडीत सीव्हीटी लावून ट्रॅकवर चालवून बघितली होती, पुढच्या सीझनच्या नियमांत त्याच्यावर बंदीच आली. असो.

मग सीव्हीटी बदनाम का झाली? उगाच नाही झाली, मेहुण्यांना काहीतरी ऐकूनच हे सुचलंय. अमेरिकेत निस्सानच्या सीव्हीटीने लोकांना इतका त्रास दिला की कंपनीने २००३ ते २०१० च्या मॉडेलांची बॉक्सची वॉरंटी वाढवून १० वर्षं किंवा १,२०,००० मैल केली. आपल्याकडे २००० च्या दशकातल्या जुन्या सिटीत जो सीव्हीटी होता त्यात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि बॉक्सच्या मधली ऑइलवर चालणारी जोडणी) नव्हता, स्टार्ट क्लच होता, तो ऑइल जुनं झालं की गाडी उचलताना थरथरायचा, सिग्नलवरून निघताना पूर्ण डॅशबोर्ड हलायचा. ज्यांनी ती गाडी वापरलीये त्यांच्या डोक्यात ते बसलंय. तुम्ही बघताय ती २०१४ ला आलेल्या पिढीतली, त्यात पुढे टॉर्क कन्व्हर्टर आहे, उचलणं बऱ्यापैकी मऊ आहे. त्यामुळे जुन्या सिटीची कीर्तनं ऐकून हिला नापास करू नका.

आता पिकअप. रबर बँड रबर बँड म्हणतात ते काय आहे ते समजून घ्या, कारण यात बिघाड काहीच नसतो आणि लोक आमच्याकडे 'क्लच स्लिप होतोय' म्हणून गाडी घेऊन येतात. मॅन्युअल गाडीत तुम्ही रेस दिली की इंजिनचा आवाज आणि गाडीचा वेग बरोबर चढतात, कानाला पटतं. सीव्हीटीत तुम्ही पाय दाबला की कॉम्प्युटर म्हणतो बरं, जास्त ताकद पाहिजे, ती या इंजिनात चार-पाच हजार आरपीएमला मिळते, मग तो पहिल्यांदा इंजिन तिथे नेऊन ठेवतो आणि मग पुली सरकवत सरकवत गाडीला त्या आवाजाच्या मागे आणतो. आवाज आधी, वेग नंतर. गाडी खरंतर पळत असते, कानाला फक्त ते खोटं वाटतं. मिटरकडे बघून चालवा, आवाजाकडे नको. आणि या इंजिनाला दीडशेच्या आसपासच न्यूटन मीटर टॉर्क, टर्बो नाही, मग ओव्हरटेकला तिला वर फिरावंच लागणार. हीच तक्रार निस्सान मॅग्नाइट किंवा रेनो कायगरच्या टर्बो सीव्हीटीत कमी ऐकू येते कारण तिथे खालच्या आरपीएमलाच टॉर्क आहे, इंजिनाला किंचाळावं लागत नाही.

पाय एकदम तळाला नेऊ नका, अर्धा-पाऊण दाबा आणि थांबा, एक-दीड सेकंद द्या. ओव्हरटेक करायचा असेल तर ट्रकच्या मागे असतानाच एस (स्पोर्ट) मोडला टाका किंवा स्टिअरिंगमागे पॅडल असतील तर डावं पॅडल एक-दोनदा ओढा, आरपीएम आधीच वर येऊन बसतो, मग समोर रस्ता मोकळा दिसला की गाडी लगेच निघते. हे एकदा अंगवळणी पडलं की रबर बँडची तक्रार निम्मी कमी होते. उरलेली निम्मी खरीच आहे, ज्याला गाडी चालवताना पाठीत ढकलल्यासारखं वाटायला हवं त्याने सीव्हीटी घेऊच नये, त्याचं कधीच समाधान होणार नाही. तुम्ही हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज तास-दीड तास घालवताय, तुम्हाला वाकड पुलाखाली कसली आलीये पाठीत ढकलणी.

ॲव्हरेजचं म्हणाल तर इथे सीव्हीटी चक्क जिंकते, निदान कागदावर. २०२० च्या सिटीला एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा आकडा लिटरला मॅन्युअलचा १७.८ आणि सीव्हीटीचा १८.४ किलोमीटर होता. कारण बॉक्स इंजिनला सतत कमीत कमी आरपीएमवर ठेवतो, शंभरच्या वेगाला आरपीएम दोन हजाराच्या आसपास लोळत असतो. पण हायवेला सारखी दाबून चालवली तर हा फायदा संपतो, कारण पट्टा घट्ट धरायला पंपाला जे प्रेशर बनवावं लागतं ते इंजिनाच्याच ताकदीतून जातं. शांत माणसाला ॲव्हरेज देते, घाईच्या माणसाला देत नाही.

आता मुख्य, घाट. चिपळूणला जाताना खंबाटकी आहे, पुढे पाटणहून कुंभार्ली आहे, म्हणजे चढ आणि उतार दोन्ही भरपूर. चढाला सीव्हीटी तुटत नाही, तापते. पट्टा आणि पुली यांच्यात जी पकड आहे ती ऑइलच्या पातळ थरातून होते, आणि ऑइल तापलं की पातळ होतं, जुनं असेल तर अजून पातळ. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, चढाला ट्रॅफिक, या वेळेला बॉक्सवर सगळ्यात जास्त लोड असतो. तेव्हा एकच गोष्ट करायची नाही: चढावर ट्रॅफिकमध्ये थांबल्यावर ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी जागेवर तोलून धरायची नाही. मॅन्युअलवाले हाफ क्लचवर धरतात ना, ती सवय घेऊन ऑटोमॅटिकमध्ये आलेले लोक हेच करतात. टॉर्क कन्व्हर्टर आत गरागरा फिरतो, गाडी हलत नाही आणि सगळी ताकद ऑइल तापवण्यात जाते. ब्रेक दाबून थांबा, हिल होल्ड असेल तर ते धरेल, नसेल तर हँडब्रेक लावा. पुढचा दहा फूट सरकला म्हणून लगेच सरकू नका, थोडी जागा होऊ दे मग निघा. डॅशवर बॉक्सच्या तापमानाचा दिवा लागला किंवा गाडी आपणहून ताकद कमी करायला लागली तर बाजूला घ्या, बंद करू नका, पी मध्ये टाकून इंजिन चालू ठेवा म्हणजे ऑइल फिरत राहून कूलरमधून थंड होईल.

उताराला उलटं. कुंभार्ली उतरताना डी मध्ये सोडून दिली तर सीव्हीटी आरपीएम खाली ठेवायच्या नादात इंजिन ब्रेकिंग फार देत नाही, मग तुम्ही पूर्ण घाट ब्रेकवर उतरता आणि खाली येईपर्यंत ब्रेकचा वास येतो. नवीन ड्रायव्हरला हे कोणीच सांगत नाही, ड्रायव्हिंग स्कूलवाले तर नाहीच. लिव्हरवर एस किंवा एल जे असेल ते वापरा, पॅडल असतील तर मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला ठेवा, आरपीएम तीन-साडेतीन हजार झाला तरी घाबरू नका, इंजिनाला काही होत नाही. आणि कृपा करून न्यूट्रलला टाकून उतरू नका. पेट्रोल वाचतं म्हणून सांगणारे खूप आहेत, पण गाडी डी मध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं, म्हणजे उलट जास्त जातं. शिवाय पळत्या गाडीत परत डी टाकला की आतल्या क्लचला आणि पट्ट्याला तो झटका बसतो. हातात इंजिन ब्रेक नसतो ते वेगळंच.

सगळ्यात वाईट वापर म्हणाल तर तो घाटातला नाही, समुद्रावरचा आहे. कोकणात गेलं की गाडी बीचवर घालायची हौस, चाक रुतलं की पोरं मागून ढकलतात आणि ड्रायव्हर रेस मारतो. चाक वाळूत गरागरा फिरतं आणि अचानक कडक जागी लागून पकडतं, तो जो एकदम थांबल्याचा धक्का आहे तो थेट पट्ट्यावर जातो, प्रेशर वाढायच्या आत पट्टा पुलीवर घसरतो आणि पुलीच्या तासलेल्या पृष्ठभागावर ओरखडा पडतो. एकदा ओरखडा पडला की तो बरा होत नाही, तिथे दरवेळी पट्टा थोडा घसरणार, लोखंडाचा चुरा ऑइलमध्ये जाणार, तो चुरा ऑइलचं प्रेशर वाटणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत अडकणार. हळूहळू बॉक्स संपतो. गाडी रुतली तर ट्रॅक्टर बोलवा, रेस मारू नका.

टोइंगचं पण तसंच. बंद पडलेली सीव्हीटी दोरी बांधून ओढून न्यायची नाही, पुढची चाकं जमिनीवर ठेवून तर नाहीच. ऑइल पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद म्हणजे आत तेल फिरत नाही आणि तुम्ही पुल्या कोरड्या फिरवताय. फ्लॅटबेड बोलवायचा. आणि धक्का मारून चालू करायचा विचार पण नको, ती होणारच नाही, बॅटरी गेली तर जंप केबल लावा.

आता ऑइल, जे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. 'लाइफटाइम' म्हणजे कुणाचं लाइफ ते विचारा. पहिल्या मालकाचं? वॉरंटीचं? ऑइलवर आत जेवढी उष्णता आणि दाब येतो त्यात ते कायमचं टिकेल असं होत नाही. आपल्याकडचा उन्हाळा, बंपर टू बंपर ट्रॅफिक, घाट, हे सगळं गाडीसोबतच्या माहितीपुस्तकाच्या भाषेत सिव्हिअर यूज, म्हणजे खडतर वापर आहे, आणि त्या पुस्तकात सिव्हिअरचा तक्ता वेगळा दिलेला असतो तो कोणी वाचत नाही. मी माझ्या गिऱ्हाइकांना चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला बदला म्हणतो, घाट जास्त असेल तर चाळीसलाच. ड्रेन केलं की साधारण तीन-साडेतीन लिटरच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर आणि व्हॉल्व्ह बॉडीत राहतं, म्हणून फारच काळं निघालं तर काही हजार किलोमीटर चालवून परत एकदा बदलायचं, असं दोनदा-तीनदा केलं की बऱ्यापैकी नवं होतं. मशीन लावून प्रेशरने फ्लश करायला मी सांगत नाही, विशेषतः जुन्या, कधीच न बदललेल्या बॉक्सला, सगळा बसलेला चुरा उठून नको तिथे जातो. हा खर्च एका टायरच्या किमतीत बसतो. बॉक्स बदलायचा खर्च लाखांच्या घरात जातो, कारण बऱ्याच ठिकाणी आतला सुटा पार्ट मिळतच नाही, पूर्ण असेंब्लीच घ्यायला लावतात.

आणि योग्य ऑइल. होंडाला एचसीएफ-२ लागतं, निस्सानच्या नव्या बॉक्सला एनएस-३, प्रत्येकाचं वेगळं. गॅरेजवाल्याने 'ऑटोमॅटिकचं ऑइल आहे, सगळ्यांना चालतं' म्हणून साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक बॉक्सचं ऑइल) ओतायला घेतलं तर तिथून गाडी परत न्या. एटीएफ बनवलेलं असतं क्लच प्लेट मऊ लागाव्यात म्हणून, सीव्हीटीच्या ऑइलला लोखंड-लोखंडावर पकड द्यायची असते, घसरणं कमी करायचं असतं. दोन्ही ऑइलच, काम मात्र उलटं. एटीएफ टाकलेली गाडी काही दिवस व्यवस्थित चालते पण, म्हणूनच हा प्रकार लवकर लक्षात येत नाही, लक्षात येतो तेव्हा पुली गेलेली असते. ऑइल भरून झालं की लेव्हल पण ठराविक तापमानाला बघायची असते, थंड इंजिनवर अंदाजाने नाही. कमी पण वाईट आणि जास्त पण वाईट, जास्त भरलं की फेस होतो आणि फेसात प्रेशर बनत नाही.

तर ती गाडी बघायला जाल तेव्हा काय करायचं. विकणाऱ्याला आधीच सांगा की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका, पूर्ण थंड पाहिजे. बॉनेटवर हात ठेवून बघा. चालू करून ब्रेक दाबून पी वरून आर, आर वरून डी टाका, प्रत्येक वेळी गाडीने सेकंदभरात हलकं बसल्यासारखं धरलं पाहिजे. दोन-तीन सेकंद लागले किंवा धाडकन धक्का बसला तर नोंद करा. मग ब्रेक सोडून नुसती सरकू द्या, थरथर आली का बघा. मग चाळीस ते सत्तरच्या मध्ये अगदी हलक्या पायाने स्थिर चालवा, तिथे रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी बारीक थरथर आली तर टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपची (त्याला घट्ट जोडून धरणाऱ्या क्लचची) कटकट असते, कधीकधी ऑइल बदलून जाते, कधी नाही. मग एखादा चढ शोधा, कात्रजचा जुना घाट जवळच आहे, अर्ध्या चढावर थांबून पुढे उचला, आणि मागे गाडी नसेल तर चढावर रिव्हर्स पण घ्या, रिव्हर्सचा क्लच वेगळा असतो आणि दुबळा असेल तर तिथेच बोलतो. वीस-पंचवीस मिनिटं तापवल्यावर हे सगळं परत करा, थंड बॉक्स बरेच दोष लपवतो. बेअरिंगचा सूं असा एकसुरी आवाज येतोय का, जो इंजिनच्या आरपीएमबरोबर नाही तर गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, तो ऐका, म्युझिक बंद ठेवा.

त्याच्यानंतर स्कॅनर लावा, चांगला, स्वस्तातला मोबाइलवाला नको कारण तो बऱ्याचदा इंजिनचेच कोड दाखवतो, बॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत जातच नाही. जुने कोड पुसले असतील तर ते पण ओळखता येतं, मॉनिटर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या, 'नॉट रेडी' दाखवतात. आणि शक्य असेल तर थोडं ऑइल काढून बघा. ड्रेन बोल्टच्या लोहचुंबकावर बारीक राखाडी चिखल असणं नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका. टोचतील असे कण किंवा चकचकीत कपचे दिसले तर चहा पिऊन घरी या. ऑइल कॉफीसारखं दुधाळ असेल तर पाणी गेलंय, बहुधा गाडी पुरात उभी होती. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरातल्या, मुंबईत पावसात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विकायला जातात, आतून सीट वाळवता येते, बॉक्स नाही वाळवता येत, पाण्याने क्लचचं अस्तर सुटतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटचा भाग बघा, चिखलाची रेघ तिथे राहून जाते.

सर्व्हिस रेकॉर्डमध्ये साठ हजारापर्यंत सीव्हीटी ऑइल एकदा तरी बदललेलं दिसलं तर घ्या. नसेल दिसत पण चालवून सगळं स्वच्छ वाटलं तर भाव पाडा आणि घेतल्या दिवशी ऑइल बदला. थरथर आणि उशिरा धरणं दोन्ही असेल तर फुकट दिली तरी नको.

दुसरे पर्याय बघायचे का, तर झटपट सांगतो. एएमटी (क्लच आणि गियर आपणहून बदलणारा मॅन्युअल बॉक्स) स्वस्त आहे, दुरुस्ती सोपी, पण प्रत्येक गियरला मान हलते, मागे बसलेल्या आईंना घाटात मळमळणार. ड्युअल क्लच मस्त पळतो पण हिंजवडीच्या सरपटत्या ट्रॅफिकमध्ये कोरडे क्लच तापतात, मला तो तुमच्या वापराला पटत नाही. जुना टॉर्क कन्व्हर्टर सगळ्यात दणकट, पण या बजेटमध्ये चांगली पेट्रोल गाडी कमी मिळते. ह्युंदाई-कियाच्या आयव्हीटीत (त्यांच्या सीव्हीटीचं नाव) पट्ट्याऐवजी चेन असते, बाकी वागणूक आणि देखभाल हीच. मारुतीने बलेनोमधला सीव्हीटी २०२२ ला काढून एएमटी दिला, तो बॉक्स वाईट होता म्हणून नाही, बहुधा किमतीसाठी, त्यामुळे जुनी बलेनो सीव्हीटी चांगल्या अवस्थेत मिळाली तर ती पण यादीत ठेवा.

आणि टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा, इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिड किंवा सिटी ई-एचईव्ही बघायला गेलात तर सेल्समन त्यांना पण ई-सीव्हीटी म्हणेल. त्यात पट्टा पण नाही आणि सरकणाऱ्या पुल्या पण नाहीत. टोयोटाच्या पद्धतीत एक प्लॅनेटरी गियरसेट आणि दोन मोटारी मिळून वेग सांभाळतात, होंडाच्या पद्धतीत बराच वेळ मोटारच चाकं फिरवते. आवाज आधी वेग नंतर हे तिथे पण जाणवेल, पण वर लिहिलेली पट्टा-पुलीची दुखणी त्यांना लागू नाहीत. बजेट तिथपर्यंत जात असेल तर मी तरी डोळे झाकून तिकडे जाईन.

बायकोला शिकवताना पहिल्याच दिवशी दोन सवयी लावा. डावा पाय पूर्ण बाजूला, दोन पायांनी चालवायचं नाही, नाहीतर घाबरून ब्रेक आणि रेस एकत्र दाबले जातात आणि बॉक्स मध्ये भरडला जातो. आणि सोसायटीच्या उतारावर पार्क करताना ब्रेक दाबून आधी एन, मग हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्यायची, परत ब्रेक दाबून शेवटी पी. सरळ पी टाकून पाय सोडला तर पूर्ण गाडीचं वजन आत बोटाएवढ्या एका खिळीवर लटकतं, सकाळी पी मधून काढताना जो 'टाक' आवाज येतो तो त्याचाच.